एका नावाच्या दोन स्प्रिंगा

मुंगी हे नाव तिला मास्तरांनीच दिलं होतं, आणि दिलं तेव्हा लाडानं दिलं होतं. ती नुकतीच नोकरीला लागलेली, अंगानं बारीक, मान खाली घालून काम करणारी. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. मास्तर त्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सी भाषा त्यांच्याच टेबलाशी खुर्ची ओढून शिकावी लागे, म्हणून ते मास्तर.

"कॉम्प्युटरला अक्कल नसते मुंगे," ते म्हणायचे. "त्यामुळे आपली आपल्याला आणि त्याची पण आपल्यालाच वापरावी लागते."

मुंगी हसायची आणि लिहून दाखवायची. मास्तर एखादी ओळ खोडायचे, एखादीवर "वा" म्हणायचे. त्या "वा"साठी ती जीव टाकायची. घरी आल्यावर दादा आणि वहिनी जेवायला थांबलेले असायचे, आणि ही आपली मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. वहिनी एकदा म्हणालीच, "अगं, त्यांना दत्तकच जा एकदाची."

पुढे लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. त्यांना सुट्या भागांचा प्रोग्रॅम हवा होता. लिफ्ट म्हणजे भागांचं एक झाडच, फक्त उलटं, मूळ वर आणि फांद्या खाली. सगळ्यात वर लिफ्ट. तिच्याखाली मोटर, दार, ब्रेक. दाराखाली त्याची यंत्रणा, तिच्याखाली पट्टे, चाकं, स्प्रिंगा. गोदामातल्या माणसानं भागाचं नाव टाकायचं, प्रोग्रॅमनं ते झाडात शोधून तो कोणत्या फळीवर आहे ते सांगायचं. मास्तरांनी झाड उभं केलं. नावावरून भाग शोधायचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला तेवढा तुकडा, मुंगीकडे आलं.

वरून सुरुवात करायची, नाव जुळतंय का पाहायचं, नाही जुळलं तर पोरांकडे, म्हणजे खालच्या फांद्यांकडे उतरायचं, मग भावंडांकडे, म्हणजे शेजारच्या फांद्यांकडे सरकायचं. एवढंच काम. पण मुंगी लिहायच्या आधी लिफ्ट कंपनीच्या गोदामात जाऊन आली, आणि तिथे तिला दिसलं की "दाबाची स्प्रिंग" नावाचा भाग दोन ठिकाणी आहे. एक दाराच्या यंत्रणेत, एक ब्रेकमध्ये. दोन्ही काळ्या, दोन्ही बोटाएवढ्या, जाडीत केसाइतका फरक. म्हणून तिचं फंक्शन पहिलं नाव सापडल्यावर थांबत नव्हतं. ते सगळं झाड फिरून येई, आणि एका नावाचे दोन भाग असले तर दोन्ही दाखवून विचारी, यातला कोणता?

मास्तर बघून म्हणाले, "वा."

ग्राहकाला प्रोग्रॅम दाखवायचा होता तेव्हा मुंगीला नेलं नाही. नंतर तिच्या लक्षात आलं की प्रोग्रॅम प्रश्न विचारत नाहीये. तिनं आत पाहिलं. कुणीतरी मध्ये एक ओळ घातली होती. पहिलं नाव जुळलं की तिथूनच परत फिर.

"मास्तर, हे काय?"

"अगं, समोर सगळी बडी मंडळी बसलेली. त्यांच्यासमोर हा विचारतोय, कोणता? लोक म्हणतील, तुमच्या प्रोग्रॅमलाच माहीत नाही होय! म्हणून तेवढ्यापुरतं थांबवलं."

"मग आता परत काढा ना ती ओळ."

"काढतो गं. करारावर सह्या होऊ देत."

सह्या झाल्या. ओळ काही निघाली नाही. मुंगीनं पुन्हा आठवण केली, तेव्हा मास्तर म्हणाले, "तू फार टोकतेस हल्ली." ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मास्तरांना किती टोकायचं? आणि प्रोग्रॅम त्यांच्या मशीनवर होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा तिथला दंडकच होता.

मग जे व्हायचं ते झालं. एका इमारतीत लिफ्टचा ब्रेक दुरुस्त करायला गेलेल्या मेकॅनिकनं गोदामातून दाबाची स्प्रिंग मागवली. गोदामातल्या माणसानं नाव टाकलं, प्रोग्रॅमला दार आधी लागलं, तो तिथेच थांबला. पाकिटावर नाव बरोबर होतं. मेकॅनिकनं दाराची स्प्रिंग ब्रेकला बसवली आणि चाचणी घेताना ब्रेक सुटला. दोर सरकला. मेकॅनिकचा हात दोर आणि चाकाच्या मधे होता. दोन बोटं गेली.

लिफ्ट कंपनीची मालकीणबाई स्वतः जाब विचारायला आली. तिला कंपनीत सगळे वचकून असत. ती ओरडत नसे, टेबलावर हात पालथे ठेवून बघत बसे. तिनं विचारलं, "हे शोधायचं काम कुणी लिहिलं?"

मास्तर खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, "मुंगीनं. माझी चूक एवढीच, की मी तिच्यावर विश्वास ठेवला."

मुंगी उभी राहिली. "मी असं लिहिलं नव्हतं. मी दोन्ही दाखवत होते. मास्तरांनी..." तिनं सगळ्यांकडे पाहिलं. पुढे बोलून तरी काय उपयोग? सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच दिसत होतं: मास्तर असं करतील? ज्यांनी आपल्याला शिकवलं ते? तिची नोकरी त्याच दुपारी गेली.

ती मेकॅनिकला भेटायला दवाखान्यात गेली. आपण काही केलेलं नाही हे सांगायला गेली होती. पण पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला तो हात पाहिला आणि "माझं नव्हतं" हे शब्दच तिला लाज वाटावी असे वाटले. मेकॅनिकनं तोंड भिंतीकडे केलं. त्याची बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तुमच्या घरात कुणाची बोटं जातील ना, तेव्हा कळेल."

त्या दिवशी मुंगीच्या मनात गाठ बसली. रडणं-बिडणं काही दिवसांत संपलं. गाठ राहिली.

"सोडून दे गं," वहिनी म्हणायची. "असल्या माणसाचं त्याला मिळतंच कधीतरी."

"मिळत नाही वहिनी. कुणीतरी द्यावं लागतं."

वर्षं गेली. मुंगीला दुसरीकडे, मोठ्या कंपनीत काम मिळालं, आणि ती कामाला अशी भिडली की बघता बघता एका विभागाची प्रमुख झाली. आता हाक मारली तर ती दचकत नसे, हाक मारणारा दचके. मुंगी हे नाव कसं कोण जाणे इथंही येऊन पोचलं होतं, पण लोक ते तिच्या पाठीमागेच घ्यायचे.

आणि एक दिवस तीच लिफ्ट कंपनी नवा प्रोग्रॅम करून घ्यायला तिच्या कंपनीच्या दारात आली. बैठकीच्या खोलीत मालकीणबाईनं मुंगीला पाहिलं आणि हात टेबलावर पालथे ठेवले.

"ही?"

मुंगीचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे याहून चांगलं माणूस नाही."

मालकीणबाई बराच वेळ बघत राहिली. "ठीक आहे. बाकी सगळं हिनं करावं. पण भाग शोधायचं काम हिचा हात न लागता झालं पाहिजे. त्यासाठी दुसरा माणूस घ्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे मुंगीला त्या दिवशी कळलं. ती हसून म्हणाली, "घेऊ ना."

दुसऱ्या माणसासाठी जाहिरात दिली, आणि आलेल्या अर्जांमध्ये मास्तरांचा अर्ज होता. त्यांची जुनी कंपनी केव्हाच बंद पडली होती. सी भाषेत काम करणारे लोक आता मिळत नाहीत असं भरतीवाली बाई कुरकुरत होती. मुंगीनं तो अर्ज परत परत वाचला.  आनंदच झाला म्हणायचा तिला.

मुलाखतीला मास्तर आले. केस गेलेले, सदरा इस्त्रीचा पण कॉलर विरलेली. दारात त्यांनी मुंगीला पाहिलं, आणि एक पाय आत, एक बाहेर असे क्षणभर थांबले. मग आत येऊन बसले.

"मास्तर," ती म्हणाली, "फळ्यावर लिहून दाखवा. झाड आहे. नावावरून भाग शोधायचाय."

शेजारी बसलेला तिचा सहकारी म्हणाला, "एवढं सोपं?"

"बघू तर."

मास्तर उठले. त्यांचं अक्षर अजूनही तसंच होतं, मोत्यासारखं. झाड रिकामं असेल तर परत फिरायचं. नाव जुळवायचं. पोरांकडे उतरायचं, भावंडांकडे सरकायचं. चार ओळींत काम झालं. मुंगीनं विचारलं, "आणि एकाच नावाचे दोन भाग असले तर?"

मार्कर फळ्यापाशीच राहिला. 

"तर थांबायचं नाही," मास्तर म्हणाले, फळ्याकडेच बघत. "सगळं झाड फिरून यायचं. आणि विचारायचं."

सहकारी खूश झाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "माणूस पक्का आहे. पण या वयात, या पगारावर, तुमच्या हाताखाली राहील?"

"राहील," मुंगी म्हणाली. "घ्या त्यांना."

घरी हे कळल्यावर वहिनीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्याला घेतलंस? रोज सकाळी ते तोंड बघायला?"

"हो. रोज बघायला."

मुंगीनं त्यांना प्रिंटरशेजारची जागा दिली, जिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण खुर्चीला धक्का मारून जाई. त्यांनी लिहिलेलं ती परत पाठवायची. ओळींच्या वर पुरेसा खुलासा नाही. व्हेरिएबलांची नावं नीट नाहीत. आता खुलासा जास्त झाला. विभागातल्या सगळ्यांसमोर त्यांना उभं करून ती म्हणायची, "मास्तर, फंक्शन स्वतःलाच हाक मारतं ते कसं, जरा समजावून सांगा. मला नीट कळलं नाही." आणि मास्तर, ज्यांनी तिला ते शिकवलं होतं, ते खाली मान घालून समजावून सांगायचे.

एकदा चहाच्या मशीनपाशी दोघंच होते. ते हळूच म्हणाले, "मुंगे..."

"मॅडम म्हणा."

ते कप घेऊन निघून गेले. मुंगीला त्या दिवशी चहा फार गोड लागला. खरं सांगायचं तर त्या सगळ्या काळात ती सुखात होती. सकाळी लवकर उठायची, नीट आवरायची, गुणगुणत निघायची. दादा वहिनीला म्हणाला, "हिचं कुठं जुळलंय की काय?" वहिनी म्हणाली, "जुळलेलं नाही. उट्टं फेडतेय." आणि तिनं विषय बदलला.

पण हे सगळं तोंडीलावणं होतं. मुंगीला जेवायचं होतं ते लिफ्ट कंपनीच्या गोदामात.

प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा तिनं मालकीणबाईला कळवलं, की बैठकीच्या खोलीत नको, गोदामातच दाखवतो, जे वापरणार त्यांच्यासमोर. तिला ठाऊक होतं की अपघातानंतर त्या मेकॅनिकला कंपनीनं गोदाम सांभाळायला दिलंय. आणि तिनं हेही ठरवलं की प्रोग्रॅम मास्तर दाखवतील.

गोदामात तेलाचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. फळ्या छतापर्यंत गेलेल्या. मधे टेबल, त्यावर मशीन, आणि मशीनसमोर मेकॅनिक. त्यानं मुंगीला ओळखलं. त्याचा जबडा घट्ट झाला. मालकीणबाई खुर्चीवर बसली. मास्तर उभे राहून सांगू लागले, आणि बरं सांगत होते.

"मी टाकतो नाव," मेकॅनिक मधेच म्हणाला. तीन बोटांच्या हातानं त्यानं एकेक अक्षर टाकलं. दाबाची स्प्रिंग.

पडद्यावर दोन ओळी आल्या. लिफ्ट, दार, दाराची यंत्रणा, दाबाची स्प्रिंग. लिफ्ट, ब्रेक, दाबाची स्प्रिंग. आणि खाली प्रश्न: यातली कोणती?

मेकॅनिक कितीतरी वेळ त्या प्रश्नाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हा का नव्हतं?"

सगळ्यांची नजर मुंगीकडे वळली. मुंगीनं याच क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली होती.  तिनं मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर खाकरले. "त्या काळी असं आहे, की मशीन लहान असायची, आणि तांत्रिकदृष्ट्या..."

"मास्तर," मुंगी म्हणाली. आवाज अगदी साधा, पाणी मागावं तसा. "तांत्रिक राहू द्या. शोधणं पहिल्या स्प्रिंगपाशी थांबवलं कुणी?"

मास्तरांनी फळ्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात मुंगीचा सहकारी उभा होता. मग त्यांचे खांदे खाली आले.

"मी," ते म्हणाले. "हिनं बरोबर लिहिलं होतं. आत्ता दिसतंय तसंच. तुमच्यासमोर प्रोग्रॅमनं प्रश्न विचारू नये म्हणून मी मधे एक ओळ घातली. हिनं ती काढा म्हणून सांगितलं होतं. मी काढली नाही."

मालकीणबाईचे हात टेबलावर पालथे पडले. "आणि माझ्यासमोर बसून तुम्ही हिचं नाव घेतलंत."

"घेतलं."

मेकॅनिक उठला. आता हा मारतो, असं मुंगीला वाटलं, आणि तिला ते हवंही होतं. पण तो फळ्यांकडे गेला, दोन स्प्रिंगा घेऊन आला आणि मास्तरांच्या समोर ठेवल्या.

"ओळखा. कोणती कशाची?"

मास्तरांनी एक उचलली, दुसरी उचलली, उजेडाकडे धरली. परत खाली ठेवल्या. 

"नाही ओळखता येत."

"मलाही नव्हती आली," मेकॅनिक म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं ना, दोन आहेत ते?"

"होतं."

"मग झालं." तो वळून पाठमोरा उभा राहिला, दवाखान्यात भिंतीकडे वळला होता तसाच. पण या वेळी ती पाठ मुंगीसाठी नव्हती.

मालकीणबाई मुंगीला म्हणाली, "प्रोग्रॅम ठेवा. हा माणूस मला माझ्या कामावर नको."

"नसेल," मुंगी म्हणाली.

बाहेर गाडीची वाट बघत मुंगी आणि मास्तर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सहकारी फोनवर बोलत जरा लांब गेला होता. ऊन चांगलंच तापलं होतं. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"बघते अजून."

"मुलाखतीला तुला बघितलं तेव्हाच ओळखलं होतं मी, कशासाठी घेतेयस ते."

"मग आलात कशाला?"

"दुसऱ्या कुणी बोलावलंच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुंगे, तुमच्याकडे दुसरीही कामं असतील. या कामाशी संबंध नसलेली. मागे कुठंतरी बसवलंस तरी चालेल. बायको आजारी असते."

मुंगीला ते जमण्यासारखं होतं. साहेबांना एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. मास्तरांनाही ते ठाऊक होतं.

"दवाखान्यात मी त्याच्या बायकोसमोर उभी होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

मास्तर गाडी येतेय का ते बघू लागले.

"नाही जमणार," मुंगी म्हणाली.

त्याच आठवड्यात मास्तरांची नोकरी गेली. प्रिंटरशेजारची खुर्ची कुणीतरी दुसरीकडे ओढून नेली. मेकॅनिकचा फोन आला. त्याला काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून तो बराच वेळ नव्या प्रोग्रॅमबद्दलच बोलला. शेवटी म्हणाला, "बाई, तुमच्या नावानं आमच्या घरात इतकी वर्षं शिव्या चालल्यात. पोरं त्याच ऐकून मोठी झालीत. आता त्यांना काय सांगू?"

"सांगा, नाव बदललंय," मुंगी म्हणाली. "शिव्या त्याच राहू द्या."

तो पहिल्यांदाच हसला. मग त्याची बायको फोनवर आली, "माफ करा हं," एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. मुंगीलाही रडू आलं, पण ते बरं वाटणारं होतं.

जेवताना वहिनीनं विचारलं, "मग? त्या म्हाताऱ्याची जराही दया नाही आली?"

"आली ना," मुंगी म्हणाली. "पण काढल्याच्या कागदावर सही करून झाल्यावर आली."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं.  दादानं नुसतंच भांडं तिच्याकडे सरकवलं, आणि मुंगीनं पोटभर वाढून घेतलं.

आता मालकीणबाईनंच सांगून पाठवलं, की शोधायचं कामही यापुढे मुंगीनंच बघावं. तेव्हा मास्तरांनी लिहिलेलं ते फंक्शन तिनं पडद्यावर उघडलं. ते सगळं पुसून स्वतः नव्यानं लिहायचं, असं तिनं ठरवलं होतं. एवढा मोठा प्रोग्रॅम, त्यात कुठेतरी काहीतरी राहिलं असणारच. रिकाम्या फांदीवर चुकत असेल, नाव फार लांब असलं तर चुकत असेल, झाडाच्या अगदी टोकाच्या पानापर्यंत पोचत नसेल. तिनं ओळ न् ओळ वाचली. हातानं कागदावर झाडं काढून तपासली. वाकडी झाडं, एकाच फांदीची झाडं, एका नावाचे दोन नाही तर दहा दहा भाग असलेली झाडं. दुपार झाली, डबा तसाच राहिला. मुंगीला त्यात एक चूक हवी होती, एखादी बारकीशी सुद्धा चालली असती.

सापडली नाही.

तिनं ते होतं तसं पुढे पाठवलं, आणि रागानं खुर्ची मागे ढकलून चहा आणायला गेली.